चाळणीच्या वर काय राहिलं?

'मीरा रोड आणि भाईंदरचे ग्राहक काढून द्या.' हे मराठी वाक्य शुद्ध आहे. दुकानातल्या पोऱ्याला सांगितलं तर तो दोन्हीकडच्या लोकांची एक यादी आणून ठेवेल. पण यातलं 'आणि' ग्राहकांच्या नोंदी चाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं घातलं तर उत्तर येतं शून्य. कारण यंत्र असा माणूस शोधत बसतं, ज्याचं शहर एकाच वेळी मीरा रोडही आहे आणि भाईंदरही. आपल्या बोलण्यातलं 'आणि' तिथं 'किंवा' असतं. जॉर्ज बूल नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८५४ साली विचारांच्या नियमांवर पुस्तक लिहून 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांना गणितात बसवलं. तेव्हापासून हे शब्द दोन घरी राहतात. माणसाच्या घरी एक अर्थ, गणिताच्या घरी दुसरा.

माझ्यासारख्या भाषा शिकवणाऱ्या बाईचा या प्रकरणाशी संबंध आला तो भाचीमुळे. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. तिची कंपनी छोट्या धंदेवाल्यांसाठी ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बनवते. या धंद्यात त्याला सीआरएम म्हणतात. कोण ग्राहक, त्याचा फोन, शहर, शेवटचं बोलणं कधी झालं, पैसे किती बाकी, असं सगळं त्यात असतं. आता त्यावर एआय एजंट बसवतायत. म्हणजे मालकानं साध्या भाषेत सांगायचं आणि एजंटनं नोंदी शोधायच्या, निरोप पाठवायचे, यादी करायची. एजंटला नोंदींना हात घालायला जी साधनं दिलेली असतात त्यांना 'टूल' म्हणतात. त्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं टूल म्हणजे फिल्टर. आपल्या भाषेत चाळणी. या चाळणीचं माहितीपत्रक लिहायचं काम भाचीकडे आलं.

एका रविवारी ती पेणकरपाड्याला आमच्या घरी आली आणि म्हणाली, "खाला, मला आपल्या लोकांची नावं किती तऱ्हांनी लिहितात ते हवंय. चाचणीसाठी." मी नावं दिली. पण तिचा मसुदा वाचायला घेतला आणि मग दोन-तीन रविवार आम्ही त्यातच बसलो.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पूर्वी असलं माहितीपत्रक प्रोग्रामर वाचायचा. काही संदिग्ध असलं तर तो करून बघायचा, उत्तर शून्य आलं की शंका घ्यायचा, फोन उचलून विचारायचा. आता वाचणारा आहे भाषेचं मॉडेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत जाहीर केली. तिच्यात प्रत्येक टूलबरोबर त्याचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कुठल्या रकान्यात काय भरायचं याची माहिती एजंटला दिली जाते. एजंट ते वाचतो आणि ठरवतो. त्याच्यासाठी ते वर्णन हाच सगळा पाठ. वर्णनात जे नाही ते तो अंदाजानं भरतो, आणि अंदाज चुकला तरी मालकाला अदबीनं सांगतो, 'असा एकही ग्राहक सापडला नाही.' मालक विश्वास ठेवतो.

बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण लिहायला लावायचे. तेव्हा कंटाळा यायचा. पण चांगल्या पाठ टाचणाची कसोटी एकच असायची, की तुम्ही रजेवर असलात तर बदली शिक्षकाला ते वाचून तोच तास घेता आला पाहिजे. एजंट हा कायमचा बदली शिक्षक आहे. रोज नव्यानं वर्गात येतो, मुलांना ओळखत नाही, हातात फक्त तुमचं टाचण.

समजा, नया नगरमध्ये उमरा टूरचं एक ऑफिस आहे. मालक एजंटला सांगतो, 'ज्यांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत संपतेय, त्यांना कळवा.' सौदीच्या व्हिसासाठी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत बाकी लागते, त्यामुळे हा निरोप महत्त्वाचा आहे. जो या चाळणीतून निसटेल तो पैसे भरून, मेंदी लावून, नातेवाइकांची गळाभेट घेऊन ऐन वेळी अडकेल. एखाद्या म्हातारीच्या आयुष्यभराच्या बचतीचा प्रश्न असतो. म्हणून मी भाचीला म्हटलं, चाळणीतून खाली काय पडतं हे तू छान लिहिलंयस. पण वर काय राहतं ते कुठे आहे? आपल्या घरातल्या बायका पीठ चाळलं की वर काय राहिलं तेही बघतात. कधी कोंडा असतो, कधी किडे असतात आणि कधी चांगला दाणा असतो.

पहिला अडथळा नावाचा. फिल्टरमध्ये 'तंतोतंत तेच' ही एक अट असते आणि 'यात हे अक्षर येतं' ही दुसरी. पहिली अट घातली तर शेख या एका आडनावाचं काय होतं पाहा. रोमन लिपीत कोणी ते 'एसएचएआयकेएच' लिहितं, कोणी मधे 'ईआय' घालतं, कोणी नुसता 'ई', आणि कुणाच्या जुन्या कागदावर फक्त 'एसके' एवढंच असतं. मोहम्मदचं कधी 'एमडी' होतं, कधी 'एमओएचडी'. एकाच माणसाचं रेशनकार्डावर एक, पासपोर्टवर दुसरं, दुकानाच्या वहीत तिसरं. त्यावर कोणी म्हणेल, मग दुसरी अट वापरा. ठीक. रोमन लिपीत 'एएलआय', म्हणजे अली, ही अक्षरं ज्यात येतात ती नावं मागवा. अली येतील, त्यांच्या मागून सलीम येईल, खलील येईल, मलिक येईल आणि शेवटी वैशाली, सोनाली, रूपाली, दीपाली हसत हसत दारात उभ्या राहतील.

देवनागरीत वेगळाच घोटाळा आहे. नुक्त्याचा 'ज़' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एक अख्खं अक्षर म्हणून किंवा 'ज' आणि त्याखाली वेगळा ठिपका म्हणून. डोळ्याला दोन्ही एकच. यंत्राला दोन वेगळी नावं. उर्दूतही तेच. अरबी कळफलकावरचा काफ आणि उर्दू कळफलकावरचा काफ शब्दाच्या मधे आले की सारखेच दिसतात, पण आतला क्रमांक निराळा असतो. म्हणजे करीम समोर असूनही करीम सापडत नाही.

हे आजचं दुखणं वाटतं, पण आपल्या उलेमांनी हजार वर्षांपूर्वी यावर ग्रंथ लिहिलेत. हदीसची पारख करताना ती कोणाकडून कोणाकडे आली याची साखळी तपासतात. साखळीतला एक माणूस विश्वासू आणि त्याच नावाचा दुसरा बेभरवशाचा असेल तर सगळाच निकाल फिरतो. म्हणून बगदादच्या दारकुत्नी यांनी (९१८–९९५) लिहायला सारखी पण वाचायला वेगळी असलेली नावं गोळा केली. सलाम आणि सल्लाम यांच्यात फरक फक्त शद्दचा, आणि जुन्या हस्तलिखितांत शद्द लिहिलेली असेलच असं नाही. पुढे खतीब बगदादी यांनी (१००२–१०७१) एकच नाव असलेल्या अनेक माणसांवर स्वतंत्र ग्रंथ केला. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं ते मानत नसत. बापाचं नाव, गाव, उस्ताद कोण, शागिर्द कोण, मृत्यूचं साल, सगळं ताडून पाहत. भाचीला हे सांगितल्यावर तिनं मसुद्यात ओळ घातली: 'फक्त नावावरून व्यक्ती निश्चित करू नये. फोन किंवा ग्राहक क्रमांकानं पडताळावी. एकाहून अधिक नोंदी जुळल्यास त्यातली एक आपणहून निवडू नये, मालकाला विचारावं.' अस्मा-उर-रिजालची ही विद्या सीआरएममध्ये अशी पोचली.

दुसरा अडथळा रिकाम्या रकान्याचा. 'ज्यांचं शहर मीरा रोड नाही असे ग्राहक द्या.' आता ज्याचं शहर लिहिलेलंच नाही, तो यात येतो की नाही? डेटाबेसच्या नेहमीच्या एसक्यूएल भाषेत तो येत नाही. यंत्र म्हणतं, याचं शहर मला माहीत नाही, त्यामुळे ते मीरा रोड आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. काही सॉफ्टवेअरमध्ये मात्र अशा रिकाम्या नोंदी धरल्या जातात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक आहे ती न सांगण्यात. मराठीत 'नाही' आणि 'माहीत नाही' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, आणि कोणाचे रकाने रिकामे असतात ते आपल्याला ठाऊक आहे. भाड्याच्या खोलीत राहणारे, वर्षाला पत्ता बदलणारे, नवऱ्याच्या फोनवर चालणाऱ्या बायका, ज्यांना जन्मतारीख विचारली की 'पावसाळ्यात' असं उत्तर येतं त्या वृद्धा. चाळणी रिकाम्या रकान्याला गप्प गाळते तेव्हा याच लोकांना गाळते. म्हणून ओळ हवी: 'या अटीत रिकाम्या नोंदी येत नाहीत. त्या वेगळ्या मागवा आणि किती आहेत ते मालकाला सांगा.'

तिसरा अडथळा काळाचा. मराठीतला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. उर्दूतलं 'कल' तर होऊन गेलेलंही असतं आणि यायचंही. आपण क्रियापदावरून ओळखतो. 'रमजानमध्ये आलेले ग्राहक' म्हटलं तर २०२४ साली आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला. चाळणीला महिन्याचं नाव चालत नाही, पूर्ण तारीख लागते. त्यात वेळेची गोम. बरीच सॉफ्टवेअर आतून जागतिक वेळ धरतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. एक तारखेला सेहरीच्या वेळी, पहाटे चारला, कोणी मोबाइलवरून बुकिंग केलं तर आतल्या वहीत ते आदल्या महिन्यात जाऊन बसतं. महिन्याचा हिशेब त्यामुळे कधीच जुळत नाही, आणि दोष पोऱ्याला लागतो.

चौथा अडथळा मोजणीचा. टूल सगळ्या नोंदी एकदम देत नाही, पानापानांनी देतं. हबस्पॉट हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या शोध-सुविधेत एका प्रश्नाला जास्तीत जास्त १०,००० नोंदींपर्यंतच पोचता येतं, आणि त्याही पानांतून. त्यांनी ते आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहून ठेवलंय, ही चांगली रीत आहे. एका गटातल्या अटी 'आणि'नं जोडल्या जातात आणि गटागटांमध्ये 'किंवा' असतं, हेही त्यात आहे. जिथं असं लिहिलेलं नसतं तिथं एजंट पहिलं पान वाचून 'एकूण शंभर ग्राहक' असं सांगून मोकळा होतो.

इथवरच्या गोष्टी चुकून गळलेल्या माणसांच्या होत्या. पण चाळणीचा दुसरा उपयोग माणसं मुद्दाम वेचून काढायचा असतो, आणि तो विषय मीरा रोडला राहणाऱ्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगानं केली. १९९८ साली दिलेल्या अहवालात आयोगानं नोंदवलं की जानेवारीतले मुसलमानांवरचे हल्ले नियोजनबद्ध होते आणि दुकानांच्या याद्या, मतदार याद्या हातात घेऊन ते झाले. मतदार यादी माणसाला मत देता यावं म्हणून असते. तिच्यात धर्माचा रकाना नाही. पण नावांची यादी, पत्ता आणि बोट फिरवणारा माणूस एवढं असलं की चाळणी तयार होते. त्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं मीरा रोड आणि मुंब्र्याला राहायला आली. आपल्या वस्त्यांच्या इतिहासात एका फिल्टरचाही वाटा आहे.

याच न्यायमूर्ती श्रीकृष्णांना पुढे २०१७ साली केंद्र सरकारनं डेटा संरक्षणाच्या समितीचं अध्यक्ष केलं. २०१८ च्या त्यांच्या मसुद्यात धार्मिक श्रद्धा आणि जात यांना 'संवेदनशील' माहिती म्हटलं होतं, म्हणजे तिला जास्त जपायचं. २०२३ साली जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्यात असा वेगळा वर्गच राहिला नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. ज्या कारणासाठी संमती घेतली त्याच कारणापुरती माहिती वापरायची, हे तत्त्व मात्र कायद्यात आहे. आपण त्याला अमानत म्हणतो. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू उघडून बघायची नसते.

आता पूर्वी जे काम बोट फिरवून करावं लागायचं ते एका वाक्यात होतं. 'अमुक धर्माची नावं वगळून बाकीच्यांना नव्या इमारतीची जाहिरात पाठव.' नाव सांगितल्यावर 'फ्लॅट आत्ताच गेला' हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकलंय. निदान ते कोणाच्या तरी तोंडून ऐकलंय. उद्या ते ऐकूही येणार नाही. जाहिरात आलीच नाही, तर नाकारलं हेही कळत नाही.

गंमत म्हणजे ही चाळणी तिच्या वाईट कामातही अडाणीच आहे. कोकणातले देशमुख आणि मुकादम, दक्षिण महाराष्ट्रातले पाटील, ठिकठिकाणचे देसाई, इनामदार, पटेल. ही आडनावं हिंदूंचीही आहेत आणि आपलीही. मराठी मुसलमान आडनावाच्या चाळणीत पूर्णपणे कधीच सापडत नाही. एजंट मात्र अंदाज करणार, आणि अंदाज उत्तरेकडच्या सिनेमातला करणार.

भाचीनं विचारलं, "पण खाला, चांगल्या कामासाठी लागलं तर? मधुमेहाच्या डॉक्टरला रमजानमध्ये औषधांच्या वेळा बदलायला रोजेदार पेशंट हवे असतील तर?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, बेटा, मग पेशंटला विचार की तुम्ही रोजे ठेवता का. उत्तराचा रकाना कर. आमच्या घरातच पाहा, सगळे शेख, पण साखरेमुळे रोजे न ठेवणारे दोघं आहेत. नावानं रोजा कळत नाही. विचारलेली माहिती आणि ताडलेली माहिती यांच्यात माणसाचा मान असतो.

माहितीपत्रकात लिहिलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही, हे तिनंच मला समजावलं. ज्याला करायचंच आहे तो करेल. खरं कुलूप टूलमध्ये हवं. कोणी कधी कुठली चाळणी लावली याची वही आपोआप राहायला हवी, आणि ती वही बघणारा माणूस हवा. मी तिला एवढंच म्हटलं, की वर्गाच्या दारावर नियम लिहिल्यानं दंगा थांबत नाही, पण नंतर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं कोणाला म्हणता येत नाही. आणि इथं तर वाचणारा असा आहे की लिहिलेलं सहसा मानतो. माणसांच्या बाबतीत हा भरवसा मला कुठल्याच वर्गात मिळालेला नाही.

तिच्या मसुद्याची शेवटची कलमं आम्ही दोघींनी मिळून लिहिली. तिनं इंग्रजीत, मी आधी मराठीत, मग दोन्ही ताडून पाहिली. ती अशी:

'नाव, आडनाव, भाषा किंवा वस्ती यांवरून ग्राहकाचा धर्म, जात किंवा जमात ताडू नये. तशी मागणी आल्यास फिल्टर चालवू नये आणि कारण सांगावं. ग्राहकानं स्वतः दिलेली माहिती फक्त ज्या कामासाठी दिली त्याच कामाला वापरावी. प्रत्येक यादीसोबत तीन आकडे द्यावेत: किती नोंदी जुळल्या, किती जुळल्या नाहीत आणि किती नोंदींबद्दल सांगता येत नाही.'

तिसऱ्या आकड्यावर तिच्या ऑफिसात वाद झाला. ग्राहकाला गोंधळ होईल, असं कोणी म्हणालं. तिनं उमऱ्याला निघालेल्या म्हातारीचं उदाहरण दिलं, जिच्या पासपोर्टच्या तारखेचा रकाना रिकामा आहे. आकडा राहिला.